मुलीच्या मणक्याच्या ऑपरेशनची तारीख नेमकी पाळीत येतेय, पुढं ढकलावी का? मदत हवी आहे

नमस्कार, मी तासगाव तालुक्यातली. मुलगी नववीत आहे, तिला स्कोलिओसिस आहे म्हणजे मणका बाजूला वाकलाय. सातवीत असताना वेणी घालताना मलाच दिसलं की उजवा खवाटा वर आलाय, आधी वाटलं दप्तराचं ओझं असेल, मग मिरजेला दाखवलं, पट्टापण वापरला, पण आता एक्स-रेत बाक ५४ अंश आलाय. डॉक्टर म्हणाले एवढा बाक उंची थांबल्यावरही वाढत जाऊ शकतो, स्क्रू आणि रॉड टाकावे लागतील. पुढच्या महिन्यातली १४ तारीख दिलीय आणि तिची पाळी १२-१३ लाच येते.

सासूबाई म्हणतात अडचण असताना ऑपरेशन करायचं नाही, रक्त थांबत नाही. मेडिकलवाला म्हणतो गणपतीत बायका घेतात त्या पाळी लांबवायच्या गोळ्या द्या. आमचे हे छाटणीत अडकलेत, म्हणतात तूच विचार. डॉक्टरांनी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाळी कधी सुरू झाली ते विचारलेलं, पण ते उंची अजून किती वाढेल याचा अंदाज यायला, तेव्हाच बोलायला पाहिजे होतं पण सासरे शेजारी बसलेले, तोंडातून शब्द फुटला नाही. आता दोन पिशव्या रक्ताची सोय करा म्हणालेत, त्यामुळं जास्तच धास्ती बसलीय. पोरीची भीती वेगळीच, रात्री म्हणाली मम्मी मी बेशुद्ध असताना डाग पडला तर सगळ्यांना दिसेल. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

सिस्टर_मिरज: ताई, मी बरीच वर्षं ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. फक्त पाळी आहे म्हणून मणक्याची केस कॅन्सल झालेली मला आठवत नाही. अख्ख्या पाळीत साधारण ३०-४० मिली रक्त जातं, या ऑपरेशनमध्ये अर्धा-एक लिटरसुद्धा जाऊ शकतं कारण पाठीचे स्नायू सोडवून हाडात स्क्रू बसवायचे असतात, पिशव्या त्यासाठी सांगतात. रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड देतात, पाळी जास्त जाते त्या बायकांना गोळ्या देतात ना, तेच औषध शिरेतून. काही ठिकाणी गेलेलं रक्त गोळा करून धुऊन परत चढवायचं मशीनपण असतं. लांबवायच्या गोळ्या मनानं अजिबात देऊ नका, हार्मोनच्या गोळ्या आहेत त्या, गुठळीचा धोका बघून डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि पोट दुखतं म्हणून मेफ्टाल देत असाल तर भुलेच्या डॉक्टरांना नक्की सांगा, त्यानं रक्त गोठायला अडथळा येतो.
मला विचारायचंय ते वेगळंच. तिला पाळी किती जाते? तासा-दोन तासाला पॅड भरतो का, नाकातून रक्त येतं का, दात काढला तेव्हा लवकर थांबलं नव्हतं का? असं असेल तर रक्त गोठण्याचा दोष आहे का ते आधी तपासावं लागतं.
पोरीला सांगा, पॅड आम्ही सिस्टरच लावतो आणि बदलतो, अंगावर चादर असते, लघवीची नळीपण आम्हीच घालतो. रोजचं काम आहे आमचं.

कराडची_पोर: माझं झालंय हे, अकरावीत. पाळी दुसऱ्या दिवशी आयसीयूत आली, तारीख नसताना. मला कळलंपण नाही, सिस्टरनी गुपचूप सगळं केलं. तिला हवं असेल तर मी बोलेन तिच्याशी.

तासगाव (धागा माझाच): सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचलं आणि आठवलं, पहिले दोन दिवस तिला रात्री उठून पॅड बदलावा लागतो, मला वाटायचं वयाचं असेल. काल भुलेच्या डॉक्टरांकडं गेलो, यावेळी मी एकटी तिला घेऊन गेले. मी सुरुवात करायच्या आतच पोरीनं सगळं सांगितलं, पॅड किती लागतात तेसुद्धा. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. गोठण्याच्या तपासण्या पाठवल्यात आणि तारीख पुढं गेली, पण पाळीमुळं नाही तर रक्त भरून यावं म्हणून. आता शिरेतून आयर्न द्यायचं म्हणतायत. कुणाच्या मुलीला असं दिलंय का, त्या दिवशी दवाखान्यात किती वेळ बसावं लागतं? सहामाही तोंडावर आलीय म्हणून विचारतेय.