मीठदाणीच्या बुडाशी सिंह आणि नांगर: इंग्लंडची की अमेरिकेची?

प्रश्न : अपरान्त
बॉस्टनजवळ एका जुन्या घराच्या सामानविक्रीत चांदीची लहान मीठदाणी घेतली. आकार उघड्या शिंपल्याचा, पायांच्या जागी तीन शंख आणि काठावर शेवाळात गुरफटलेला, एक नांगी दुमडलेला खेकडा. बुडाशी सिंह, जहाजाचा नांगर, वळणदार ‘जी’, ‘स्टर्लिंग’ हा शब्द आणि ‘क्यू’ अक्षर उमटवलेले आहे. सिंह-नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचा शिक्का, असे विक्रेत्याने सांगितले. ते बरोबर आहे का? खाचांमध्ये काळेपणाही पुष्कळ आहे. घरी देवाची उपकरणी रांगोळीने घासतात, तसे केलेले चालेल का?

उत्तर : ठसेपारखी
सिंहाचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे. बर्मिंगहॅमचा सिंह डावीकडे चालतो. उजवीकडे चालणारा सिंह, नांगर आणि ‘जी’ ही ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सच्या गोरहॅम कंपनीची खूण आहे, आणि तिच्यातला नांगर त्या राज्याच्या बोधचिन्हातला आहे. जाबेझ गोरहॅम यांनी १८३१ मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायाने १८६८ मध्ये हजारात ९२५ भाग चांदीचे, म्हणजेच ‘स्टर्लिंग’, प्रमाण स्वीकारले आणि ‘ए’पासून वर्षाक्षरे सुरू केली. त्या हिशोबाने ‘क्यू’ म्हणजे १८८४. पुढच्याच वर्षापासून अक्षरांऐवजी चिन्हे आली. अमेरिकेत तेव्हा इंग्लंडसारखी सरकारमान्य कसकचेरी (धातूची शुद्धता तपासून ठसा मारणारी कचेरी) नव्हती, त्यामुळे हे ठसे कारखान्याचे स्वतःचे आहेत.

उत्तर : खाडीकाठ
वर्ष जुळत असेल तर नक्षीचेही नवल नाही. प्रॉव्हिडन्स नॅरागॅन्सेट उपसागराच्या टोकाशी वसले आहे, आणि गोरहॅमने १८८० च्या दशकात त्याच नावाचा चमचे-पळ्यांचा एक नमुना काढला होता, ज्याच्या दांड्यांवर ओतीव शंख, शिंपले, मासे आणि शेवाळ अक्षरशः चिकटून बसल्यासारखे दिसतात. जपानी कलावस्तूंची ओढ तेव्हा अमेरिकी चांदीकामात जोरात होती आणि खेकडे-मासे बरेचसे त्याच वाटेने आले. स्पष्ट सांगायचे तर त्यातल्या काही पळ्यांवर इतकी गर्दी आहे की वाढायला धरायच्या कुठे, हा प्रश्न पडतो. समुद्राचे मीठ शिंपल्यात ठेवण्याची आपल्या मीठदाणीची कल्पना मला अधिक नेमकी वाटते.

उत्तर : जुनीपेटी
रांगोळी मुळीच नको. ती दगडाची भुकटी असल्याने चरे पडतील. रसायनात बुडवूनही ठेवू नये. खाचांतल्या काळेपणामुळेच शेवाळाची पाती उठून दिसतात, आणि पुष्कळदा तो कारखान्यातच मुद्दाम दिलेला असतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरे; लगेच कोरडे करावे. मीठ चांदीला खाते, म्हणून अशा भांड्यांना आतून सोन्याचा मुलामा देत असत. तो शिल्लक आहे का ते पाहावे, आणि वापरल्यास जेवणानंतर मीठ काढून ठेवावे.

अपरान्त
सिंह उजवीकडेच चालतो आहे. आतली पिवळसर छटा मात्र मी डाग समजून काल अर्धी घासून काढली.