मराठी पुस्तकं वाचायची असतील तर

'एमपी-फोर प्लेअर (गाणी-व्हिडिओ चालवणारं खिशातलं यंत्र) स्वस्तात मिळतो, त्यावर गाणीही ऐका आणि पुस्तकंही वाचा' असं या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. इंग्रजीपुरतं ते बरोबर आहे. मराठीचा विषय मात्र कुणी काढलाच नाही. मी असाच एक घेतला होता, टीचभर पडदा, ३२० बाय २४० ठिपक्यांचा (पिक्सेल). खोक्यावर 'ई-बुक' ठळक छापलेलं. मराठी टेक्स्ट फाइल टाकली तर आधी नुसते चौकोन. यूटीएफ-१६ मध्ये (फाइलीत अक्षरं साठवायची एक पद्धत) सेव्ह करून पाहिली तेव्हा अक्षरं उमटली, पण 'हिरवा'चं 'हरिवा' आणि 'प्रश्न'चं 'प्‌रश्‌न'! फॉन्ट असतो हो, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, जोडाक्षरं जुळवणं हे काम करणारा भागच त्यात नसतो. अर्धं पान वाचेपर्यंत डोकं उठलं.

शेवटी जुगाड केला. कॉम्प्युटरवर पानाचा आकार पडद्याएवढा धरून, टाइप मोठा ठेवून पुस्तकाची चित्रंच केली आणि ती फोटोंच्या फोल्डरात टाकली. अक्षर स्वच्छ दिसतं, पण पानात सात-आठच ओळी मावतात, त्यामुळे दोनशे पानी पुस्तकाची हजारावर चित्रं होतात. नावं ०००१, ०००२ अशीच द्या, नाहीतर १ नंतर थेट १० उघडतं. खूण ठेवायची सोय नाही, मी आकडा बसच्या तिकिटामागे लिहून ठेवायचो. घ्यायचाच असेल तर मेमरी कार्डावर 'हिरवा प्रश्न' लिहिलेली फाइल घेऊन दुकानात जा आणि तिथेच उघडून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.