स्वस्तातला व्हील स्पीड सेन्सर तापलेल्या ब्रेकजवळ टिकतो का?

चाकोरी: माझ्या गाडीचा पुढचा डावा सेन्सर दुसऱ्यांदा गेला, दोन्ही वेळा लांबलचक उतार उतरून आल्यावरच एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला. आता नवा घ्यायचाय आणि माझं मत स्पष्ट आहे, कंपनीच्या डबीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, १५० डिग्रीचं रेटिंग असलेला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडी कंपनीच्या डबीतला नसलेला, घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. कोणाला वेगळं वाटतंय का?

तारतम्य: मला वाटतंय. १५० चा आकडा बहुतेक वेळा आतल्या चिपचा असतो, आणि चिप सहसा जात नाही हो, जाते ती वायर. साधं पीव्हीसीचं आवरण १०५ डिग्रीच्या पुढे टिकत नाही, कडक होतं, मग स्टिअरिंग वळवताना आणि खड्ड्यात चाक वरखाली होताना त्याला तडे जातात, पाणी शिरतं, सिग्नल तुटतो. स्वस्त सेन्सर नेमके इथेच पैसे वाचवतात. ब्रेकच्या बाबतीत मी तरी ही रिस्क घेणार नाही.

चाकोरी: सेन्सर गेला तरी साधा ब्रेक लागतोच ना, फक्त एबीएस बंद होतं. आणि गाडी कंपन्यांना सेन्सर पुरवणारेच तोच माल स्वतःच्या डबीत कमी किमतीत विकतात, तो काय वाईट?

तारतम्य: तो घ्या की, त्याला माझा विरोध नाहीच! विरोध बिननावाच्या डबीला आहे. आणि "फक्त एबीएस" म्हणू नका, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक झाली की स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही.

जुना_गडी: मी तर म्हणतो जुना कॉईलवाला सेन्सर बरा, आत इलेक्ट्रॉनिक्सच नाही, उष्णता सहन करतो.

तारतम्य: बरा असेल, पण ज्याच्या गाडीत अॅक्टिव्ह, म्हणजे आत चिप असलेला, सेन्सर आहे त्याला तो चालणारच नाही. तिथे ईसीयू, म्हणजे एबीएसचा कंट्रोल कॉम्प्युटर, ७ आणि १४ मिलीअँपिअरचा करंट वाचतो, कॉईलवाला एसी व्होल्टेज देतो आणि तेही अगदी हळू वेगात नीट मिळत नाही. आणि हो, अॅक्टिव्ह सेन्सर मल्टीमीटरच्या ओहमवर तपासत बसू नका, त्यातून काही कळत नाही.

ग्रीसवाला: तुम्ही सगळे सेन्सरवर भांडताय, पण एकाच चाकाचा दोनदा का गेला हे कोणी विचारलं का? उजव्या चाकालाही तोच उतार होता! मला तरी कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असेल असं वाटतं, पिस्टन किंवा स्लाइड पिन जाम झाली की पॅड डिस्कला घासत राहतो. सपाट रस्त्यावर ब्रेक कमी वापरून थोडं चालवा, मग दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं मोजा, हात लावू नका. डावी बरीच जास्त तापलेली निघाली तर महागातला सेन्सरही जाईल. वायरची क्लिपही बघा, मागच्या वेळी कोणी ती न लावता वायर तशीच सोडली असेल तर ती डिस्कजवळ लोंबत असणार.

चाकोरी: क्लिप आत्ताच बघितली, एक खरंच नाहीये. कॅलिपर उद्या खोलतो. पण सेन्सर मी आफ्टरमार्केटच घेणार, फक्त वायरचं रेटिंग विचारून.