अनुभव धागा: एप्रिलमध्येच बुडालेली आपली बेसबॉल टीम

क्वीन्सकर
आमच्या ऑफिसात एक जुना मेट्सभक्त आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा. टीम हरली की दुसऱ्या दिवशी कॉफी ओतता ओतता म्हणतो, "अजून लवकर आहे." एप्रिलभर हेच. मेमध्येही हेच. जूनमध्ये तो गप्प असतो. त्याच्यावरून हा धागा काढतोय.

१६२ मॅचेसचा सीझन. मार्चअखेर सुरू होतो, सप्टेंबरअखेर संपतो. म्हणजे जवळजवळ रोज हरायची सोय. तुमच्या टीमची सुरुवातच बोंबलली तेव्हा तुम्ही काय केलंत ते लिहा. पुढे कप मिळाला की नाही, ते नंतर बघू.

माझं आधी. २०२४. मेट्स पहिल्या पाच मॅच ओळीने हरले. दोन दिवस पावसात वाहून गेले म्हणून ४ एप्रिलला, गुरुवारी, डेट्रॉइटविरुद्ध एकाच दिवशी दोन मॅच. मी अर्धी रजा टाकली. आत थर्मल, डोक्यावर आईने पाठवलेली माकडटोपी, तिच्यावर मेट्सची टोपी. पहिली मॅच नऊ इनिंगमध्ये मिटली नाही, अकराव्या इनिंगमध्ये घालवली. दुसरीत सात इनिंग झाल्या तरी आमच्या एकाही माणसाला हिट (चेंडू मारून बेस गाठणं) नाही. शेजारी एक आजोबा पेन्सिलने स्कोअरकार्ड भरत होते. मी डोकावून पाहिलं, आमच्या बाजूच्या चौकटी म्हणजे पाढे न आलेल्या पोराची पाटी. नवव्या इनिंगमध्ये पीट अलोन्सोने होमरन (आपल्या षटकारासारखा) मारून १-१ केलं, मग टायरोन टेलरच्या हिटवर २-१ जिंकलो. आजोबांनी पेन्सिल कानावर खोचली, एक बोट वर केलं आणि थर्मास बंद केला. माझी बोटं इतकी गारठली होती की टाळ्या वाजवताना लाकडावर लाकूड आपटल्यासारखं वाटत होतं.

२ जूनला आम्ही २४ विजय, ३५ पराभव. १२ जूनला मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतला तो जांभळा बाहुला, ग्रिमेस, मॅचआधीचा मानाचा चेंडू टाकून गेला आणि त्या दिवसापासून ओळीने सात जिंकल्या. आपल्याकडे लिंबू-मिरची, इथे ग्रिमेस. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, दारात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी अडवलं, पण तो वेगळा धागा होईल.

निवृत्त_बाल्टिमोर
पाच पराभव? तुमचं चांगलं चाललं होतं म्हणायचं.

१९८८. आमचे बाल्टिमोर ओरिओल्स सुरुवातीच्या २१ मॅच हरले. एकवीस. हा नकोसा विक्रम आजही आमच्याच नावावर आहे. पाच वर्षांपूर्वी, १९८३ मध्ये, हीच टीम वर्ल्ड सिरीज जिंकली होती, म्हणून जास्त लागलं. सहा पराभवांनंतर मॅनेजर (आपल्या भाषेत कोच) कॅल रिपकन सीनियर यांना काढलं. त्यांची दोन मुलं, कॅल आणि बिली, त्याच टीममध्ये खेळत होती. बापाला घरी पाठवल्यावर पोरांनी दुसऱ्या दिवशी त्याच ड्रेसिंग रूममध्ये बूट बांधायचे! मला क्रिकेटपलीकडचं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. तिथून मी या टीमचा झालो. त्यांच्या जागी फ्रँक रॉबिन्सन आले, तेही ओळीने पंधरा हरले.

मी तेव्हा विद्यार्थी. खोलीत चौघं, टीव्ही नाही, एक रेडिओ. गावातल्या एका रेडिओवाल्याने जाहीर केलं की टीम जिंकेपर्यंत मी माईक सोडणार नाही. बिचारा २५८ तास बसला. रात्री अभ्यास करताना त्याचा आवाज रोज थोडा जास्त घोगरा ऐकू यायचा. २९ एप्रिलला शिकागोत व्हाइट सॉक्सविरुद्ध ९-० जिंकलो. आमच्यातला नाशिकचा पोरगा कुकरच्या शिट्ट्या मोजायचा विसरला, खिचडी तळाला लागली, तीच खाल्ली.

खरी गंमत पुढे. २ मेला टीम परत आली तेव्हा मेमोरियल स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर माणसं. जिंकलेली मॅच एक, हरलेल्या तेवीस! वारीहून आलेल्यांना घ्यायला वेशीपर्यंत जावं तसे लोक गेले होते. मीही होतो. सीझनअखेर १०७ पराभव झाले, त्याचं मात्र मला काही आठवत नाही.

ठाण्याचा_निळा
बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी घुसतो. मुंबई इंडियन्स २०१५ मध्ये पहिल्या चार मॅच हरले आणि कप घेऊन गेले. २०१३ पासून २०२५ पर्यंत पहिली मॅच एकदाही जिंकलेली नाही. "पहिली मॅच देवाला" हे आमच्या घरात ठरलेलं आहे. त्यामुळे तुमचं दुःख कळतं, नियम नाही कळले तरी.

क्वीन्सकर
निळेभाऊ, स्वागत. पण हिशोब बघा. १४ पैकी चार गेल्या तर पाव सीझनपेक्षा जास्त गेला. १६२ पैकी चार म्हणजे नखाएवढं. म्हणूनच "अजून लवकर आहे" खरंही असतं आणि म्हणूनच ते फसवतं. नक्की कोणत्या दिवशी उशीर होतो ते कोणी सांगत नाही.

ओसाकाची_सून
जपानमधलं चालेल ना? नवरा हानशिन टायगर्स टीमचा भक्त, सासूबाईही. म्हणजे मला पर्याय नव्हता.

२०२२ ची पहिलीच मॅच याकुल्टच्या टीमविरुद्ध. ८-१ पुढे होतो. मी उठून भाताचा कुकर लावला. परत आले तेव्हा घरात सुतक. १०-८ हरलो. मग ओळीने नऊ पराभव, एक वेळ अशी आली की विजय एक, पराभव पंधरा, बरोबरी एक.

त्या वर्षी कोरोनामुळे स्टेडियममध्ये ओरडायला बंदी, फक्त टाळ्या. कोशिएनचा, म्हणजे आमच्या घरच्या मैदानाचा, प्रेक्षक म्हणजे शिव्या द्यायला आणि गाणी म्हणायला जन्मलेला. हजारो माणसं, टीम हरतेय आणि कोणी तोंड उघडत नाही. सासूबाई मांडीवर मेगाफोन ठेवून बसायच्या, मॅच संपली की तो रुमालाने पुसून पिशवीत. न वापरलेला मेगाफोन. आमच्याकडे वर्षभर न वाजवलेला टाळ कोणी असा पुसून ठेवलेला मी पाहिला नाही. (हे वाचून त्या विचारतील काय लिहिलंस. सांगणार नाही.)

सीझन तिसऱ्या नंबरवर संपवला, तोही पराभव विजयांपेक्षा जास्त असताना! २०२३ मध्ये जपान सिरीज (तिकडची फायनल) जिंकलो, १९८५ नंतर पहिल्यांदा. सासूबाईंचा आवाज आठवडाभर बसला होता.

डीसीतला_बाळू
क्वीन्सकर, २०१९ च्या मे महिन्यात तुमच्याच मेट्सच्या मैदानावर, सिटी फील्डवर, आमचे नॅशनल्स चारही मॅच हरले. १९ विजय, ३१ पराभव. मी तडकाफडकी मॅचचं ॲप डिलीट केलं. ऑक्टोबरमध्ये परत टाकलं. वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनला जाऊन चारही जिंकलो आणि घरच्या तिन्ही हरलो. त्या तिन्हींतल्या एकीचं महागडं तिकीट काढून गेलो होतो तो मीच. तेव्हापासून बायको मला मोठ्या मॅचला जाऊ देत नाही.

डेन्व्हर_आणि_दम
आमचे डेन्व्हरचे रॉकीज, १० मे २०२५. सॅन दिएगोकडून घरच्या मैदानावर ०-२१. दुसऱ्या दिवशी जिंकलो, तर जिंकल्यावर मॅनेजरला काढलं. सध्या एवढंच. मन झालं तर सविस्तर लिहीन.

निवृत्त_बाल्टिमोर
डेन्व्हर, घाई नको. मला ३५ वर्षं लागली.

शिकागोची_सांगलीकर
वरचे सगळे किस्से शेवटी गोड होतात (डेन्व्हर सोडून). आमचा नाही होत.

२०२४ मध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा नुकतेच रिटायर झालेले, करमत नव्हतं. मी रोज संध्याकाळी टीव्हीवर आमच्या व्हाइट सॉक्सची मॅच लावून द्यायचे. पहिल्या २५ मॅचेसमध्ये विजय तीन. बाबा सुरुवातीला विचारायचे, "हे मुद्दाम करतात का?" मग त्यांनी एलआयसीच्या जुन्या डायरीत नोंदी सुरू केल्या. तारीख, कोणाविरुद्ध, आणि पुढे नुसता "ह". मेपर्यंत "ह" लिहायचाही कंटाळा आला. मग जिंकले तरच नोंद.

सप्टेंबरमध्ये १२० पराभव झाले, म्हणजे एका सीझनमधल्या सर्वाधिक पराभवांच्या, १९६२ च्या मेट्सच्या आधुनिक विक्रमाशी बरोबरी. बाबा म्हणाले, "आता १२१ वा डोळ्यांनी बघायचाच." तिकिटं स्वस्त मिळाली. गेलो. आजूबाजूला आमच्याच टोप्या घातलेली माणसं टीम कधी हरते याची वाट बघत बसलेली. टीम जिंकली. त्या आठवड्यात एंजल्सविरुद्ध घरच्या तिन्ही मॅच जिंकली! बाबा परत येताना गाडीत इतके चिडले होते की आईने विचारलं, "हरले का हो?" विक्रम त्याच शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये झाला, टीव्हीवर. बाबा तेव्हा बॅग भरत होते.

२०२५ मध्येही १०२ हरलो. बाबा आता सांगलीत आहेत. इथली रात्रीची मॅच संपते तेव्हा तिकडे सकाळचा चहा होतो. व्हॉट्सॲपवर रोज दोनच अक्षरं येतात: "ह का?"