नंदुरबारच्या आदिवासी विवाहांवर प्रकल्प: कोणता कायदा लावायचा?

प्रश्न: कौटुंबिक कायद्याचा प्रकल्प आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिल्ल, पावरा जोडप्यांच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ लावलं, तर मार्गदर्शकांनी ते खोडलं. का?

उत्तर १: भाऊ, आधी कलम २(२) वाचा. केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय १९५५ चा हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तिथे रूढी चालते, पण 'आमच्यात असंच असतं' एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. रूढी जुनी, सलग आणि निश्चित असल्याचं पुराव्याने दाखवावं लागतं. सूरजमणी स्टेला कुजूर खटला (२००१) मुळातून वाचा. दुसरं लग्न शिक्षापात्र ठरवणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून पत्नीची तक्रार टिकली नाही. बायांना याची किती किंमत मोजावी लागते, ते प्रकल्पात यायलाच हवं.

उत्तर २: पोटगी मात्र रूढीवर अडत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. जुन्या गाइडमध्ये इथेच चूक होते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सुद्धा सर्वांना लागू.

उत्तर ३: बालविवाह वेगळा मांडा. २००६ च्या कायद्यात तो सरसकट रद्द नाही, रद्द करण्याजोगा आहे. मुलीला वीस पूर्ण होण्याआधी अर्ज करावा लागतो. आणि देज (वधूमूल्य) घ्याच: हुंडाबंदीच्या व्याख्येत 'एका पक्षाने दुसऱ्याला' असे शब्द आहेत, मग मुलाकडून मुलीच्या बापाला दिलेली रक्कम कुठे बसते? खरी चर्चा तिथे आहे.