मदत हवी आहे: नेरळच्या जुन्या लोको शेडची प्रतिकृती (वाफेच्या इंजिनांचा काळ)

नमस्कार. नेरळ-माथेरान रेल्वेच्या नेरळ येथील लोको शेडची, म्हणजे इंजिने ठेवण्याच्या शेडची, एक छोटी प्रतिकृती मी घरी करावयास घेतली आहे. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद अशी प्लायवूडची एकच फळी आहे, ती कपाटावर बसते आणि तिच्याबाबत घरात यापुढे एक इंचही वाढवून मिळणार नाही. त्यामुळे घाट, बोगदा, वॉटर पाइप स्थानक वगैरेंचा मोह सोडून मी फक्त शेड आणि तिच्यासमोरचे रूळ एवढेच निवडले आहे. त्या शेडच्या जुन्या रूपाविषयी माहिती हवी आहे, म्हणून हा धागा.

काळ साधारण 1960 ते 1965 धरला आहे. 1907 साली हा मार्ग सुरू झाला तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार वाफेची इंजिने आणली गेली, आणि पुढे त्यांना 738 ते 741 हे क्रमांक मिळाले. पन्नाशीच्या दशकात युंग या जर्मन कारखान्याची डिझेल इंजिने आली, तरी वाफेची इंजिने त्यानंतरही बरीच वर्षे धावत होती. म्हणजे मी निवडलेल्या काळात शेडमध्ये कोळशाची राख आणि डिझेलचे डाग शेजारी शेजारी असणार, आणि पलीकडच्या मुख्य मार्गावर विजेच्या तारा. कारण मुंबई-पुणे मार्गाचे विद्युतीकरण 1930 पर्यंतच झाले होते. हे तिहेरी दृश्य मला फार आवडते.

प्रमाण 1:76 घेतले आहे. माथेरानच्या रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर. ते या प्रमाणात आठ मिलिमीटर होते, आणि बाजारात तयार मिळणारे एन गेजचे (छोट्या खेळण्यातल्या रेल्वेच्या एका मापाचे) रूळ नऊ मिलिमीटरचे आहेत. एक मिलिमीटरची ही चूक मी पोटात घातली आहे. 1:87 घेतले असते तर ती दोन मिलिमीटरची झाली असती आणि इंजिन रुळांवर फेंगडे उभे राहिल्यासारखे दिसले असते. मुख्य मार्गाचे रूळ मात्र याच प्रमाणात बावीस मिलिमीटरचे होतात आणि तसे तयार मिळत नाहीत, म्हणून मागच्या कडेला एकच रूळजोडी हाताने बसवून तिच्यावर तारांचे दोन खांब उभे करीन.

इंजिनाच्या बाबतीत मी बऱ्यापैकी निश्चिंत आहे. सहा चाकांच्या या इंजिनात पुढचा आणि मागचा आस (अ‍ॅक्सल) क्लीन-लिंडनर पद्धतीचा आहे: चाके एका पोकळ आसावर बसवलेली, त्याच्या आत दुसरा भरीव आस, आणि दोन्ही मधोमध एका गोलाकार सांध्यावर टेकलेले; त्यामुळे वळणावर टोकाची चाके किंचित फिरतात आणि चाकांना जोडणाऱ्या दांड्यांची जोडणी मात्र सरळच राहते. मी पहिल्यांदा तिन्ही आस घट्ट बसवून सांगाडा तयार केला आणि तो तेवीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर प्रत्येक फेरीला रुळावरून उतरला. मूळ रचनाकारांनी हे झंझट का केले असावे, हे त्या संध्याकाळी मला नीट पटले. आता टोकांच्या आसांना थोडी मोकळीक दिली आहे. मापांसाठी 739 दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ते मी पाहून आलो आहे. 740 इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या नॅरोगेज रेल्वेकडे गेले. तिकडे राहणारे कोणी मराठी वाचक तेथे जाणार असतील, तर इंजिनाच्या चालककक्षाचा आतून आणि मागून घेतलेला फोटो मिळाल्यास उपकार होतील.

अडले आहे ते शेडपाशी. माझ्याकडे घरच्या अल्बममधला एकच फोटो आहे, मे 1964 मधला. आत्या डबा हातात धरून उभी आहे, तिच्या शेजारी वडील, आणि त्यांच्या खांद्यामागे इंजिनाची अर्धी चिमणी, कोळशाची एक पाटी आणि छपराची तिरकी कड. क्रमांकातला शेवटचा 1 तेवढा दिसतो, म्हणजे ते 741 असणार. छप्पर कौलारू आहे की नालीदार पत्र्याचे, ते भिंगाखाली धरूनही कळत नाही. संपूर्ण शेडचा रंग आणि पोत या एका गोष्टीवर ठरणार आहे, म्हणून मी तिथेच थांबलो आहे.

त्या काळात शेडमध्ये किती रूळ शिरत होते, आणि राख पाडण्याचा खड्डा छपराखाली होता की बाहेर? कोळसा पाट्यांनी डोक्यावरून चढवला जाई की त्यासाठी ओटा होता? पाण्याची टाकी शेडच्या कोणत्या बाजूला होती? इंजिनाचे तोंड घाटाच्या दिशेने कायम ठेवले जाई का, हेही हवे आहे, कारण त्यावर फळीवर इंजिन कसे उभे करायचे ते ठरेल. पूर्वी पावसाळ्यात गाडी बंद असे, तेव्हा चारही इंजिने एकदम शेडमध्ये उभी राहत असतील, तर ती दाटीवाटी मला मुद्दाम दाखवायची आहे. अशा वेळी डबे कोठे ठेवत असत?

नेरळ, कर्जत किंवा माथेरान येथे ज्यांचे आजोबा-वडील ड्रायव्हर, फायरमन, फिटर किंवा ब्रेकवर काम करणारे होते, त्यांना या प्रश्नांची उत्तरे घरीच मिळू शकतील. इतरांनी कृपया जुने अल्बम उघडावेत. माथेरानला गेलेले प्रत्येक कुटुंब नेरळला गाडीपाशी फोटो काढतेच, आणि मला हवे ते त्या माणसांच्या मागे असते. म्हणून फोटो स्कॅन करताना कडा कापू नयेत आणि मागे तारीख लिहिलेली असल्यास तीही कळवावी.

एक खूणगाठ: बॉयलरवर पाण्याची टाकी खोगिरासारखी बसवलेले चार चाकांचे इंजिन दिसले, तर ते दार्जिलिंगहून बऱ्याच नंतर आणलेले 794 आहे. ते फोटो माझ्या काळाचे नाहीत, पण त्यांत शेडचा कोपरा आला असेल तर तेही चालतील.

भिंती आणि रूळ तोवर पुरे करून ठेवतो. छपराला दसऱ्यापर्यंत हात लावणार नाही.