अनुभव धागा: अचानक जुलाब लागले तर घरी काय करता?

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडं घरात एकाला तरी ढाळ लागतेच. कशानं लागली, घरी काय केलं, दवाखाना कधी गाठला, ते लिहा. मोठ्या माणसांचंच लिहा, लेकरांचा विषय वेगळा आहे.

संभाजीनगरकर: आमच्याकडं नळ रोज येत नाही, सगळं ड्रमात साठवायचं. गल्लीत पाइपलाइन फुटलेली, शेजारून नाली. पहिल्या पावसात पाण्याला वास आला आणि निम्मी गल्ली संडासच्या वाटेवर. तुरटीनं पाणी नितळ होतं, जंतू मरत नाहीत. आता पिण्यापुरतं खळखळ उकळतो आणि ड्रमात हात न बुडवता ओगराळ्यानं काढतो.

लातूरची सून: आमच्याकडं भगर निघाली! आषाढीला सासूबाईंनी सुट्टं आणलेलं भगरीचं पीठ केलं. दुपारपर्यंत उलट्या, जुलाब, गरगर आणि हात असे थरथरत होते की पेला धरवेना. थेट दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, दमट हवेत भगरीला बुरशी धरते, त्यातून विष तयार होतं. आता अख्खी पाकीटबंद भगर, तारीख बघून, आणि दळण घरी. शिळी भगर तर उपवास मोडला तरी नको.

बीडचा मास्तर: माझं कारण पाणी नव्हतंच. शुगरची मेटफॉर्मिन वाढवली आणि पोट सुटलं. डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायला सांगून हळू विरघळणारी गोळी दिली, थांबलं. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

निवृत्त सिस्टर, नांदेड: ओआरएसची (जुलाबात प्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याची) मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. लोक अर्धी पुडी पेल्यात ढवळतात, ते चूक. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, त्याच छोट्या चमच्यानं अर्धा चमचा मीठ. दर जुलाबामागं पेलाभर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून घोट-घोट. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी अशाच द्रावणावर कॉलऱ्याचे रोगी वाचवले, तेव्हा साधं म्हणून हसू नका.

परभणीकर: मऊ भात, मीठ घातलेलं पातळ ताक. दूध, ठेचा बंद. उपाशी ठेवू नका.

जालन्याची लेक: सिस्टर, बाबा मेडिकलवरून जुलाब थांबायची गोळी आणतो म्हणतात. अंगात तापही आहे.

निवृत्त सिस्टर, नांदेड: ताई, ताप किंवा शौचात रक्त असताना ती गोळी नको. वय झालेलं माणूस, त्यात ताप, म्हणून आजच दाखवा. लघवी सहा-आठ तास झाली नाही, उठताना अंधारी आली किंवा भाताच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब लागले, तर रात्रीसुद्धा थांबू नका. आणि त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ते डॉक्टरांना आधी सांगा.